बाहेर जाण्याचा रस्ता

1998च्या नोव्हेंबरात, दत्तजयंती पंधरा-वीस दिवसांवर आली असताना, एक भूतबंगलावाला शहाद्याच्या आमच्या दुकानात आला आणि म्हणाला, "पेंटरभाऊ, यंदा भूत नको. यंदा सीआयडी काढा."

दुकान वडिलांचं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. समोर निंबाचं झाड, त्याखाली मांजरपाट ताणायची बल्ल्यांची चौकट, आणि आत रंगाच्या डब्यांवर डबे. वर्षभर आम्ही दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, निवडणुकीच्या भिंती रंगवायचो. पण घराचं छप्पर शाकारलं जायचं ते सारंगखेड्याच्या यात्रेच्या पैशांवर. पाळणेवाला, जादूवाला, मौत का कुआंवाला, तंबूतला सिनेमावाला, सगळ्यांनाच दर्शनी पडदा लागायचा. तंबूच्या आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. बाहेरच्या चित्रावर माणूस खिसा सैल करतो.

सीआयडी सोनीवर सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमचा नंदुरबार जिल्हा त्याहून लहान, 1 जुलैला धुळ्यातून वेगळा निघालेला. शहाद्यात केबल आली होती आणि शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न घरोघर ओळखीचा होत होता. भूतबंगलावाल्याने मासिकातून फाडलेला त्यांचा फोटो आणला होता. दादांनी त्यावर शिसपेन्सिलीने चौकटी मारल्या, तितक्याच चौकटी कापडावर मारल्या आणि चेहरा बारा फुटी करून टाकला. मग ब्रश धुता धुता विचारलं, "बाहेर झालं. आत काय दाखवशील?"

त्याने आतलं काही ठरवलंच नव्हतं. रहस्यमालिकेत माणूस तासभर बसतो, कारण खुनी कोण ते त्याला ठाऊक नसतं. तंबूत तो तीन मिनिटं असतो. तीन मिनिटांत खून, संशयित, शोध आणि उलगडा बसवायचा कसा? आणि एकाने बाहेर येऊन खुनी सांगून टाकला, तर रांगेतल्या बाकीच्यांनी तिकीट कशाला काढायचं?

हा प्रश्न सारंगखेड्याच्या वाळूत पहिल्यांदा पडला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सारंगखेडा तापीच्या काठावर, आमच्याच तालुक्यात. मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. लोक तिचं वय तीनशे वर्षांच्या पुढे सांगतात. नाव घोडेबाजाराचं. मारवाडी, काठियावाडी जनावरं येतात, आणि जाणते लोक दात पाहण्याआधी अंगावरचे भोवरे पाहतात. घोड्यांच्या पलीकडे भांडी, घोंगड्या, शेतीची अवजारं, आणि त्याच्याही पलीकडे, जिथे रात्री उजेड सगळ्यात जास्त, तिथे आमची गिऱ्हाइकं. तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी रेल्वे 1900च्या सुमाराची. खेळवाल्यांचं सामान पूर्वी दोंडाईच्याला उतरायचं आणि पुढे बैलगाडीने यायचं, असं दादा सांगत. माझ्या आठवणीत ट्रक आहेत.

भूतबंगल्याच्या आधी मान होता तो बोलत्या मुंडक्याचा आणि नागकन्येचा. मेजावर परात, परातीत माणसाचं मुंडकं, मेजाखाली आरपार मोकळं, आणि मुंडकं तुम्हाला तुमचं गाव विचारतं. नागकन्येचं धड सापाचं, डोकं मुलीचं. 1976चा 'नागिन' आणि 1986चा 'नगीना' येऊन गेल्यावर दादांच्या हातच्या नागकन्येचे डोळे बदलले, पहिल्यांदा रीना रॉयचे झाले, मग श्रीदेवीचे. जे पडद्यावर चाललं ते पुढच्या मार्गशीर्षात कापडावर आलंच पाहिजे, हा आमच्या धंद्याचा नियम. मालिकांवरून मनोरंजननगरी उभारतात म्हणून आज मोठं अप्रूप वाटतं. यात्रेत ते तेव्हाच चालू होतं, फक्त कोणी कोणाची परवानगी काढत नसे.

लहानपणी मुंडक्याच्या तंबूत मला एक काम होतं, आरसा पुसण्याचं. मेजाच्या पायांमध्ये दोन आरसे कोनात बसवलेले असतात. त्यांत बाजूच्या कनाती दिसतात. बघणाऱ्याला वाटतं आपण मागची कनात पाहतोय, म्हणजे मेजाखाली काही नाही. मुंडक्याचं उरलेलं शरीर त्या आरशांमागे मांडी घालून बसलेलं, बहुधा कंटाळलेलं. यात्रेची धूळ तासाभरात आरशावर बसते. धूळ बसली की आरसा दिसतो आणि आरसा दिसला की संपलं. म्हणून दर तासाला कनात पाडायची, मी वर्तमानपत्राचा बोळा घेऊन आत सरपटायचं, पुसायचं, बोटाचा ठसा राहिला नाही ना ते तिरकं बघायचं. प्रेक्षकांपुढे दोरी बांधलेली असे ती गर्दीसाठी नव्हे. दोरीच्या अलीकडे आलात तर तुमचेच पाय आरशात दिसले असते.

पुढे वाचनालयात एका जादूच्या पुस्तकात हाच मेज भेटला तेव्हा मी दचकलोच. थॉमस टोबिन नावाच्या माणसाची ही युक्ती. कर्नल स्टोडेअर या जादूगाराने 1865च्या ऑक्टोबरात लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ती 'स्फिंक्स' नावाने पहिल्यांदा दाखवली. त्याच्या तीन वर्षं आधी लंडनच्याच रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन पेपरने मोठी काच तिरकी उभी करून रंगमंचावर भूत चालवलं होतं. तीच काच पुढे 1969मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेच्या भुताच्या हवेलीत लागली. तिच्यात नाचणारी भुतं आजही दिसतात. म्हणजे लंडन, कॅलिफोर्निया आणि सारंगखेडा या तिन्ही ठिकाणी कोणीतरी पोरगं काच पुसतच असणार.

आपल्याकडेही हा धंदा हलक्या कुळातला नाही. कल्याणच्या पटवर्धनांनी 1892मध्ये 'शांबरिक खरोलिका' नावाने काचेवरची रंगीत चित्रं दिव्याच्या यंत्रातून पडद्यावर हलवून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सिनेमा जन्मायचा होता. आणि ज्यांनी 1913ला 'राजा हरिश्चंद्र' दिला ते दादासाहेब फाळके आधी जादूचे प्रयोग करत. आडनाव उलटं करून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतलं होतं. मराठी माणसाला सिनेमा जादूगाराने दिला आहे. त्यामुळे सिनेमा नि मालिका परत तंबूत शिरल्या तर त्यात नवल कसलं? लेक माहेरी आली, एवढंच.

आता भूतबंगला. चाळीस फूट जागेत कनातींची गल्ली अशी दुमडायची की आतल्याला आपण फर्लांगभर चाललो असं वाटावं. सापळा सायकलच्या साखळीवर पुढे येतो. वरून ओले सुतळीचे दोरे सोडायचे, ते चेहऱ्याला लागले की मोठमोठी माणसं आई आठवतात. कोपऱ्यात काळे कपडे घातलेला एक पोऱ्या, त्याचं काम फक्त घोटा धरायचं. बाकी सगळा अंधार. दादा म्हणत, या धंद्यात अंधार हा सगळ्यात स्वस्त माल, पण वापरायचा मोजून. त्यांचा एक दंडक होता. 'आत' ही पाटी वीतभर अक्षरात, 'बाहेर' ही हातभर. गल्लीत कुठेही माणूस घाबरून थिजला, तर लाल पार्श्वभूमीवर पांढरं 'बाहेर' त्याला दिसलंच पाहिजे. त्याच्या वर कायम पंधराचा एक दिवा.

सीआयडीच्या तंबूचं कोडं दादांनी असं सोडवलं. आत एक खोली, जमिनीवर खडूने काढलेली माणसाची आकृती, उलटी पडलेली खुर्ची, भिंतीवर लाल हाताचा ठसा. पुढे अंधारी गल्ली, नेहमीचा सापळा, नेहमीचा पोऱ्या. शेवटच्या वळणावर पाटी: 'खुनी पाहा'. आणि पाटीखाली, शेजारच्या तंबूतून भाड्याने आणलेला, माणसाला बुटकं आणि दोन तोंडांचं करणारा हसरा आरसा. किंचाळत आलेली माणसं तिथे खो खो हसत बाहेर पडायची. बाहेर आल्यावर खुनी कोण म्हणून विचारलं तर सांगणार तरी काय? "जाऊन बघ" म्हणायची. तिकिटं हातोहात गेली.

दादांच्या त्या आरशात किती शहाणपण होतं ते मला पुढे कळलं. अमेरिकेत 'ट्वायलाइट झोन' ही रॉड सर्लिंगची गूढ मालिका 1959 ते 1964 या काळात चालली. तिचे 156 भाग झाले. 1994मध्ये डिस्नेने फ्लोरिडातल्या आपल्या नगरीत तिच्यावर 'टॉवर ऑफ टेरर' उभा केला. पण मालिकेतली एकही गोष्ट घेतली नाही. नवीच रचली: 1939च्या ऑक्टोबरातली शेवटची रात्र, हॉलिवुडमधल्या एका हॉटेलवर वीज पडते आणि लिफ्टमधले पाच जण नाहीसे होतात. प्रेक्षकाला त्याच लिफ्टमध्ये बसवतात आणि उंचावरून सोडून देतात. सर्लिंग 1975लाच वारला होता. म्हणून त्याचं जुनं चित्रण घेतलं आणि आवाज दुसऱ्याने काढला. उलगडा कुठेच नाही. मालिकेतून त्यांनी घेतलं काय, तर तिचा वास. तो दरवाजा, तो निवेदक, तो गूढ सूर. रहस्य घरी खुर्चीत बसून सुटतं. तंबूत विकायची असते ती रहस्य जिथे घडलं ती जागा.

या मनोऱ्याची खरी गंमत जपानमध्ये आहे. 2006ला टोकियोत तो बांधायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की इथे ही मालिका लोकांच्या ओळखीचीच नाही. मग मालिकेचं नाव काढलं आणि दुसरी कथा लिहिली. हॅरिसन हायटॉवर नावाचा एक लोभी धनिक आफ्रिकेतून एक मूर्ती उचलून आणतो आणि 1899च्या शेवटच्या रात्री आपल्याच हॉटेलात गायब होतो. लिफ्ट तशीच, पडणं तसंच, भीती मात्र वेगळ्या गोष्टीची. बघणारा जी गोष्ट घरून घेऊन येतो तिच्यावरच तंबू उभा राहतो. त्याने काही आणलं नसेल, तर त्याच्यासाठी दुसरी शोधावी लागते.

आणि इथे मला आमचं 1999 साल आठवतं.

सीआयडीचा तंबू शहाद्या-दोंडाईच्याच्या लोकांत चालला. पण यात्रेला सातपुड्यातूनही माणसं उतरतात, धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडची. तिकडच्या कित्येक पाड्यांवर तेव्हा वीज नव्हती, मग टीव्ही कुठला? बारा फुटी साटमांकडे बघून ती म्हणायची, हा कोण पुढारी? आणि मौत का कुआंकडे निघून जायची. भूतबंगलावाल्याने हे हेरलं होतं. पुढच्या वर्षी तो आला तो बेत ठरवूनच. "पेंटरभाऊ, त्या लोकांसाठी त्यांचंच काहीतरी पाहिजे. मोठ्या अक्षरात लिहा, 'डाकीण का घर'."

टोकियोत पुढे जे केलं, तेच. धंद्याच्या हिशेबाने माणूस अगदी बरोबर होता.

दादांनी ब्रश खाली ठेवला. "हाऊ शब्द नही, भो. दुसरा सांग." चुडैल म्हण, हडळ म्हण, चेटकीण म्हण, जे म्हणशील ते रंगवतो, म्हणाले. त्याला तोच शब्द पाहिजे होता. तो उठून गेला. आमचं दोन आठवड्यांचं काम गेलं.

हडळ आणि डाकीण यांतला फरक शहरात बसून कळायचा नाही. हडळ गोष्टीत असते. आमच्याकडे डाकीण पाड्यावर असते, तिला नाव असतं, घर असतं, बहुतेकदा थोडी जमीनही असते. कोणाचं पोर तापाने गेलं, म्हशीचं दूध आटलं, की बोट तिच्याकडे वळतं, बहुधा एकट्या, वयस्क बाईकडे. मग मारहाण होते, गाव सोडावं लागतं, आणि काही वेळा जीव जातो. अंधश्रद्धा निर्मूलनवाले त्यासाठी सातपुड्यात पाडे धुंडाळत फिरले आहेत. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत हे लिहिलेलं आहे: अमुक माणूस करणी करतो, मंत्राने जनावराचं दूध आटवतो, रोगराई पसरवतो असं भासवून त्याचं जगणं कठीण करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. 1999मध्ये तो कायदा नव्हता. दादांचं "हाऊ शब्द नही" एवढंच होतं.

पुढचं सांगायला मला जड जातं. तेव्हा मी एकतिसाचा, लग्न झालेला, घरात लहान मूल. यात्रेच्या आदल्या रात्री मी डबा-ब्रश घेऊन सायकलने सारंगखेड्याला गेलो आणि गॅसबत्तीच्या उजेडात त्या तंबूवर तो शब्द लिहून दिला. तीनशे रुपये मिळाले. अक्षर चांगलं वठलं होतं. 'ड'ची गाठ मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी समोर चहा पीत उभा होतो. एक तरुण, त्याची बायको, दोन पोरं आणि एक म्हातारी, असं घर तंबूसमोर थांबलं. पोरांना आत जायचं होतं. तरुणाला वाचता येत होतं. त्याने पाटी एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचली. म्हातारीने पदर डोक्यावरून पुढे ओढला, वळली, आणि गर्दीतून घोड्यांच्या बाजूला चालू लागली. मुलगा तिच्या मागे धावला. तंबूला घाबरली म्हणावं, तर तंबूकडे तिने पाहिलंही नव्हतं. ती आजूबाजूच्या माणसांकडे पाहत गेली.

संध्याकाळी मीच दादांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सफेद्याचा डबा घेतला, मला मागे बसवलं नाही, एकटेच गेले. मी मागून पोचलो तोवर अर्धा शब्द बुजला होता आणि मालक ओरडत होता. दादांनी पूर्ण बुजवला, सुकेपर्यंत तिथेच बिडी ओढत उभे राहिले, आणि वर लिहिलं: 'जुना वाडा'. पैसे घेतले नाहीत. उरलेले दिवस त्या नावावर तंबू चालला. धंदा काही बुडाला नाही.

त्यानंतर सतरा वर्षांनी खरोखरच एका वाड्याने महाराष्ट्र घाबरवला. 'रात्रीस खेळ चाले' 2016च्या फेब्रुवारीत झी मराठीवर आली. चित्रण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या वाड्यात. तिच्यावर टीकाही झाली, अंधश्रद्धा पसरवते, कोकण बदनाम होतं. तरी 2019ला दुसरा भाग आला आणि 2021ला तिसरा. दुसऱ्या भागात गोष्ट मागे गेली होती. अण्णा नाईक मरणार हे पहिल्या भागापासून सगळ्यांना ठाऊक. तरी माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता बघायला लोक रात्री जागले. उलगडा हातात असूनही त्यांना त्या घरात परत शिरायचं होतं. आणि मग ते खरोखर निघाले. कोकणात फिरायला गेलेल्या गाड्या आकेरीला वळू लागल्या. तिकीट नाही, तंबू नाही, सापळा नाही. लोक वाड्यासमोर फोटो काढतात.

यातली एक गोष्ट मला मोठी मौजेची वाटते. ज्या उद्योगघराण्याने 1989मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड काढलं, त्यानेच 1992मध्ये झी टीव्ही सुरू केला, आणि पुढच्याच वर्षी त्यावर रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' आला. मराठी वाहिनीही त्याच घरातली. एका हाताशी पाळणे आणि दुसऱ्या हाताशी भुतं असताना मालिकेवरून तंबू बांधण्याचं काम मात्र प्रेक्षकांनी आपणहून केलं. खोपोलीजवळच्या इमॅजिकात 2013पासून 'मिस्टर इंडिया' सिनेमावरचा खेळ आहे, सलीमगढ नावाचं भुताटकीचं दालन आहे, आणि पाण्यातल्या सफरीला राजासॉरसचं नाव आहे, त्या डायनॉसॉरचं, ज्याच्या शास्त्रीय नावात आमच्या उत्तर सीमेवरची नर्मदा आहे. म्हणजे इथल्या मातीतली भीती शोधायची म्हटली तर साडेसहा कोटी वर्षं मागेही जाता येतं. कोणाच्या आईपर्यंत जाण्याची गरज पडत नाही.

दादा जाऊन बारा वर्षं झाली. दुकानात आता फ्लेक्सचं यंत्र आहे आणि ब्रश फक्त दसऱ्याला पूजेत असतात. सारंगखेड्यालाही चेतक फेस्टिव्हलमुळे पांढरे तंबू आणि मोठे दिवे आले. गेल्या मार्गशीर्षात एक पोरगेलासा खेळवाला मोबाइलमध्ये चित्र घेऊन आला. टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेतली हवेली, वर विजा, खिडकीत पांढऱ्या साडीतली बाई. वीस बाय दहा. नाव त्याने 'हवेली' असंच दिलं होतं. मी छापून दिलं. हिशेब करताना विचारलं, "बाहेरची पाटी?"

"कशाची? मागून कनात उघडीच असते, काका."

मी त्याला तासभर बसवून ठेवलं. माळ्यावरून पत्रा काढला, लाल मारला, आणि पंधरा वर्षांनी हातात ब्रश धरून पांढऱ्यात 'बाहेर' लिहिलं, हातभर अक्षरात. 'ह' थोडा थरथरला. रंग ओला होता म्हणून पत्रा त्याने मांडीवर आडवा धरला आणि मोटरसायकलवर मागे बसून नेला.